लिअर राजाला नेमकं काय कळलं, आणि त्यासाठी काय काय गेलं

'किंग लिअर'बद्दल कुठेही वाचा, कॉलेजच्या गाइडमध्ये म्हणा नाहीतर यूट्यूबवरच्या दहा मिनिटांच्या समरीत म्हणा, एक वाक्य हमखास सापडतं, की राजा सगळं गमावतो आणि मग त्याला शहाणपण येतं. वाक्य चुकीचं नाहीये, पण इतकं गुळगुळीत आहे की नाटकात काय चाललंय ते त्यातून काहीच हाताला लागत नाही. शहाणपण येतं म्हणजे काय येतं? कुठल्या सीनला येतं? आणि आलंच तर त्याचा उपयोग काय, कारण शेवटी तर तो पोरीचं प्रेत दोन्ही हातांवर घेऊन ओरडतोय. मला तर वाटतं ठेच लागली की माणूस शहाणा होतो ही आपली नेहमीची समजूत शेक्सपिअरने इथे घेतली खरी, पण तिचं असं काही करून ठेवलंय की ती परत तशीच्या तशी वापरता येत नाही.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ब्रिटनचा म्हातारा राजा, वय ऐंशीच्या वर, तीन मुली, राज्य वाटून टाकायचं आणि रिटायर व्हायचं असं ठरवतो, पण त्याआधी तिघींनी भर दरबारात सांगायचं की बापावर कोणाचं किती प्रेम. थोरली गॉनरिल आणि मधली रीगन तोंड भरून बोलतात, धाकटी कॉर्डेलिया म्हणते मला काही सांगायचं नाही. राजा भडकतो, तिचा हिस्सा काढून घेतो, तिची बाजू घेणाऱ्या केंट नावाच्या सरदाराला देशाबाहेर काढतो, फ्रान्सचा राजा कॉर्डेलियाशी हुंड्याशिवाय लग्न करून तिला घेऊन जातो. पुढे थोरल्या दोघी बापाला कंटाळतात, तो वादळात बाहेर पडतो, डोकं फिरतं, कॉर्डेलिया फौज घेऊन येते, हरते, कैदेत तिला फास लावून मारतात आणि तिच्याजवळच तोही मरतो. सोबत ग्लॉस्टर नावाच्या सरदाराची गोष्ट चालू असते, तो अनौरस मुलाचं म्हणजे एडमंडचं ऐकून चांगल्या मुलाच्या, एडगरच्या जिवावर उठतो आणि पुढे त्याचे डोळे काढले जातात. एवढं पुरे.

आता तो पहिला सीन जरा नीट बघू, कारण लिअरला काय कळतं हे समजायचं तर आधी त्याला काय कळत नव्हतं ते बघायला पाहिजे. गंमत अशी की वाटणी आधीच झालेली आहे! नाटकाच्या पहिल्याच ओळींमध्ये केंट आणि ग्लॉस्टर बोलत असतात की दोन्ही जावयांचे हिस्से असे तोलून केलेत की कोणाला दुसऱ्याच्या वाट्याचा हेवा वाटू नये. आणि दरबारात गॉनरिलचं भाषण संपलं की लगेच तिला तिचा तुकडा मिळतो, रीगन काय बोलते ते ऐकायच्या आधीच. म्हणजे स्पर्धा वगैरे काही नाहीच, नकाशावर रेघा मारून झाल्यात, राजाला फक्त ते शब्द चारचौघात ऐकायचेत. कॉर्डेलियासाठी तर त्याने जास्त चांगला तुकडा राखून ठेवलाय, तिच्याकडेच उरलेलं म्हातारपण काढायचं असा त्याचा बेत होता. त्यामुळे ती 'काही नाही' म्हणते तेव्हा त्याला ते झेपतच नाही. 'काही नाही मधून काहीच मिळणार नाही, परत बोल' असं तो म्हणतो, आणि ह्या वाक्यातच माणूस पूर्ण दिसतो. प्रेम ही त्याच्या लेखी मोजून घ्यायची आणि मोजून द्यायची वस्तू आहे. तू इतकं बोल, मी इतकी जमीन देतो.

आणि कॉर्डेलियाही काही कमी नाही हं. ती म्हणते मुलीच्या कर्तव्याप्रमाणे जेवढं प्रेम करायला हवं तेवढं करते, जास्त नाही कमी नाही, आणि उद्या लग्न झालं की अर्धं प्रेम नवऱ्याकडे जाणार. बापाच्या हिशोबी प्रश्नाला तिने त्याच्याहून काटेकोर हिशोबाने उत्तर दिलंय. खरं बोलतेय ती, पण म्हाताऱ्याची इज्जत सगळ्यांसमोर जातेय हे तिला दिसत असूनही ती एक शब्द मऊ करत नाही. तिला पुतळ्यासारखी पवित्र करून ठेवली की पुढच्या एका सीनची सगळी ताकद निघून जाते, तो सीन येईल खाली.

ह्याच सीनच्या शेवटी गॉनरिल आणि रीगन दोघीच उरतात आणि रीगन म्हणते की म्हातारपणामुळे होतंय हे त्याचं, आणि तसंही ह्याने स्वतःला कधी धड ओळखलंच नाही. नाटकातलं सगळ्यात अचूक निदान हे, आणि ते केलंय कोणी तर नाटकातल्या दुष्ट पोरींनी.

मग सुरू होते नोकरांची भानगड. लिअरने राज्य दिलं पण राजा ही पदवी आणि शंभर सरदार स्वतःकडे ठेवले, महिनाभर एकीकडे महिनाभर दुसरीकडे राहायचं असा करार. गॉनरिल म्हणते शंभर खूप होतात, पन्नास ठेवा. तो चिडून रीगनकडे जातो तर ती म्हणते माझ्याकडे यायचं तर पंचवीस. आणि इथे लिअर काय करतो? गॉनरिलकडे वळून म्हणतो, चल तुझ्याकडेच येतो, तुझे पन्नास म्हणजे हिच्या पंचवीसच्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेम हिच्या दुप्पट! अर्ध्या तासापूर्वी जिला मूल होऊ नये म्हणून शिव्याशाप दिले तिच्याबद्दल बोलतोय हा. भाजीवालीशी घासाघीस करावी तसं चाललेलं असतं आणि भाव खालीच येत राहतो, पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला, आणि रीगन म्हणते, एक तरी कशाला?

ह्या क्षणी त्याच्या तोंडून जे निघतं ते मला नाटकातलं पहिलं खरं बोलणं वाटतं. तो म्हणतो, गरजेचा हिशोब काढू नका, अगदी भिकाऱ्याकडेसुद्धा त्याच्या गरजेपेक्षा काहीतरी जास्तीचं असतंच, माणसाला जगायला लागतं तेवढंच दिलं तर माणसाचं जगणं जनावराइतकंच स्वस्त होईल. आयुष्यभर मोजत आलेला माणूस पहिल्यांदा म्हणतोय की मोजू नका. पण बघा, म्हणतोय कधी, तर मोजणीत स्वतः शून्यावर आल्यावर. आणि पुढच्याच दमात परत बदल्याच्या धमक्या, असं काहीतरी करीन तसं करीन, काय करणार ते अजून ठरलं नाही पण जगाला धडकी भरेल असं करीन. म्हणजे कळलं असं वाटतं तोवर हातातून निसटलेलं.

हे निसटणं महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच लोकांना वाटतं वादळात त्याचे डोळे उघडतात आणि मग तो बदललेला माणूस. तसं नाहीये. 'मी तिच्यावर अन्याय केला' हे वाक्य लिअर पहिल्याच अंकात बोलून मोकळा झालाय, पाचव्या सीनला, विदूषक काहीतरी कालव आणि गोगलगायीचे विनोद करत असतो आणि ह्याच्या तोंडून मधेच हे एवढंसं वाक्य निघतं, कोणाला उद्देशून नाही, कशाला जोडून नाही. म्हणजे माहीत होतं त्याला! चूक कळायला वादळबिदळ काही लागलं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि ते घेऊन तिच्यासमोर उभं राहणं वेगळं, ह्या दोन गोष्टींमध्ये चौथ्या अंकाच्या शेवटापर्यंतचं अंतर आहे आणि ते कापण्यातच त्याचं राज्य, घर, डोकं सगळं खर्ची पडतं.

विदूषकाबद्दल एक सांगायचं राहिलं. राजाला तोंडावर मूर्ख म्हणायची परवानगी असलेला तो एकटाच. तो म्हणतो मला एक अंडं दे, मी तुला दोन मुकुट देतो, अंडं मधोमध कापलं, आतलं खाल्लं की टरफलाचे दोन मुकुट उरले ना, तू तरी काय केलंस, मुकुट मधोमध कापून दोन्ही तुकडे देऊन टाकलेस. आणि, शहाणा व्हायच्या आधी तू म्हातारा व्हायला नको होतास. हे सगळं खरं आहे, पण ह्या टोमण्यांनी लिअर सुधारतो असं काही होत नाही, त्याला फक्त जास्त लागतं. तिसऱ्या अंकानंतर विदूषक नाटकातून गायबच होतो, कुठे गेला ते शेक्सपिअर सांगतही नाही.

आता वादळ. नाटकवाले इथे पत्रे हलवून, पंखे लावून, लाइट मारून जीव काढतात आणि त्या आवाजात दोन बारीक वाक्यं वाहून जातात. लिअर आधी आकाशाला शिव्या घालत असतो, मी केलेल्या पापापेक्षा माझ्यावर झालेलं पाप जास्त आहे असं म्हणत असतो (परत मोजमाप!), आणि मग एकदम म्हणतो माझं डोकं फिरायला लागलंय, आणि बाजूच्या विदूषकाकडे वळून, काय रे पोरा, थंडी वाजतेय का तुला, मलाही वाजतेय. झालं. ऐंशी वर्षांच्या ह्या माणसाने अख्ख्या नाटकात पहिल्यांदा दुसऱ्याला विचारलं की तुला काय होतंय, आणि तेही स्वतःला थंडी वाजली म्हणून सुचलं. मग झोपडी दिसते तेव्हा तो केंटला (हाकलल्यावरही वेश बदलून परत त्याच्यासोबत आलेला) म्हणतो तू जा आत, पोराला म्हणतो तू आधी जा. आजवर हा सगळ्यांच्या पुढे चालत आलेला माणूस, आणि आता दारात पावसात उभा राहून दुसऱ्यांना आधी आत पाठवतोय. माझ्या मते शहाणपण म्हणायचंच तर ते इथे, ह्या दारात आहे, पुढच्या भाषणात ते फक्त शब्दांत येतं.

ते भाषण मात्र फार मोठं आहे. उघड्या अंगाच्या गरिबांनो, असाल तिथे, डोक्यावर छप्पर नाही, पोटात अन्न नाही, अंगावर चिंध्या, तुम्ही असल्या रात्री कशा काढता? ह्याची मी फारच कमी काळजी घेतली. हे एका राजाच्या तोंडी आहे, आणि आपल्याला पक्कं माहीत आहे की २६ डिसेंबर १६०६ ला व्हाइटहॉलच्या राजवाड्यात खुद्द राजा जेम्ससमोर हे नाटक झालं. तो सेंट स्टीफनचा दिवस, दानधर्माचा. बाहेर परिस्थिती अशी की १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, कर गोळा करून आपल्या हद्दीतल्या गरिबांना पोसायचं होतं, आणि त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका कायद्याने, धडधाकट भटका सापडला तर त्याला फटके मारून मूळ गावी हाकलायचं. ते फटके नाटकातही आहेत, वेड्या भिकाऱ्याचं सोंग घेतलेला एडगर म्हणतो की मला गावोगाव फटके मारत फिरवतात. जेम्स त्या रात्री काय विचार करत बसला असेल कोणास ठाऊक. तो स्वतः त्या काळात इंग्लंड आणि स्कॉटलंड एक करायच्या मागे लागलेला, आणि समोर राज्याचे तुकडे करणाऱ्याची ही गत.

बरं, एवढी प्रार्थना केली, आणि तेवढ्यात झोपडीतून खरंच एक उघडा माणूस बाहेर येतो, म्हणजे एडगरच, सोंगातला. आता लिअरने त्याला काय द्यावं, काय विचारावं? तो विचारतो, तूही सगळं तुझ्या पोरींना देऊन टाकलंस का? हसू येतं इथे, आणि यायलाच पाहिजे. गरिबांबद्दल इतकं बोलून झालं आणि खरा गरीब समोर आला (तोही खोटाच गरीब) तर ह्याला त्याच्यात स्वतःशिवाय कोणी दिसतच नाही. मग जरा वेळाने त्याच्याकडे नीट बघतो आणि म्हणतो, रेशीम नाही, कातडं नाही, लोकर नाही, अंगावर उसनं काहीच नाही, माणूस म्हणजे मुळात एवढाच, दोन पायांचा गरीब उघडा प्राणी. आणि स्वतःचे कपडे काढायला लागतो, बटण सोडा म्हणतो. वेड लागायला आणि खरं दिसायला एकच वेळ गाठलीय शेक्सपिअरने, त्यामुळे कुठलं वाक्य वेडाचं आणि कुठलं शहाणपणाचं हे वेगळं काढताच येत नाही. ते बटण लक्षात ठेवा.

ग्लॉस्टरचं काम त्या मानाने सरळ आहे, थोडं जास्तच सरळ, मला कधी कधी वाटतं की शेक्सपिअरने ते मुद्दाम फळ्यावर लिहून दाखवल्यासारखं केलंय. राजाला मदत केली म्हणून रीगनचा नवरा कॉर्नवॉल त्याला खुर्चीला बांधून त्याचे डोळे काढतो, दुसरा डोळा गेल्यावर तो एडमंडला हाक मारतो आणि रीगन हसून सांगते, अरे त्यानेच तर तुझी चुगली केली. म्हणजे दिसायचं बंद झालं त्याच मिनिटाला खरं समजलं. पुढे तो म्हणतोही, डोळे होते तेव्हाच मी ठेचकाळलो. पण इथे एका माणसाकडे बघायला पाहिजे ज्याला नावही नाही. कॉर्नवॉलचाच एक नोकर, लहानपणापासून त्याच्या घरात वाढलेला, एक डोळा गेल्यावर मधे पडतो, धन्यावर तलवार उपसतो, रीगन त्याला मागून भोसकते. त्याला कुठलं दुःख सोसावं लागलं नव्हतं, काही गमवावं लागलं नव्हतं, तरी त्याला कळलं काय करायचं ते. आणि त्याच खोलीत कॉर्नवॉल त्या नोकराच्या वाराने मरतोय, रक्त वाहतंय, तरी म्हणतो ह्या आंधळ्याला बाहेर फेका आणि नोकराला उकिरड्यावर टाका. दुःखाने शिकवलं असतं तर ह्याला का नाही शिकवलं? गॉनरिल शेवटी स्वतःच्या हाताने मरते, रीगन विषाने मरते, दोघींना काहीच कळत नाही. आणि एडमंडला मरताना कळतं पण ते पाच मिनिटं उशिरा.

ग्लॉस्टरला जे कळतं त्याने तर त्याला जगावंसंच वाटेनासं होतं. लहान पोरं खेळता खेळता माश्या मारतात तसे देव आपल्याला मारतात, असं तो म्हणतो, आणि डोव्हरच्या कड्यावरून उडी टाकायला निघतो. एडगर त्याला सपाट जमिनीवरच उभा करून कडा आहे असं भासवतो, म्हातारा उडी मारतो, तोंडावर पडतो, आणि एडगर आवाज बदलून सांगतो की एवढ्या उंचावरून पडून वाचलास, देवाचीच कृपा. मुलाने बापाला जगवायला मारलेली थाप आहे ही. म्हणजे खरं कळल्याने माणूस मरायला निघाला आणि खोट्याने वाचला, आता ह्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा!

ह्यानंतर दोन म्हातारे भेटतात, एक आंधळा, एक वेडा, डोक्यात रानफुलं खोवलेला. नाटकातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा. लिअर म्हणतो, सगळे मला हो ला हो करायचे, पण पावसाने मला भिजवलं आणि मी सांगूनही गडगडाट थांबला नाही तेव्हा मला ह्या लोकांचा वास आला, मीच सगळं काही आहे असं सांगत होते, खोटं होतं ते, मला साधा हिवतापही थोपवता येत नाही. मग न्यायाबद्दल बोलतो, की न्यायाधीश आणि चोर यांची जागा बदला आणि ओळखा पाहू कोण कोणता, खुर्चीवर बसला की कुत्र्याचाही हुकूम चालतो, फाटक्या कपड्यातून बारीकसं पाप दिसतं आणि भरजरी झग्याखाली सगळं झाकलं जातं. चारशे वर्षं झाली तरी ह्यातला एक शब्द बदलावा लागत नाही. ग्लॉस्टर म्हणतो तुमचा हात द्या, मुका घेतो. लिअर म्हणतो थांब आधी पुसतो, ह्याला मरणाचा वास येतोय. आणि हे सगळं बोलून झाल्यावर, त्याच सीनमध्ये, जावयांच्या अंगावर जायचं कल्पून 'मारा' हा शब्द सहा वेळा. सुधारलेला, शांत झालेला म्हातारा वगैरे काही नाहीये हा.

आता तो वर म्हटलेला सीन. कॉर्डेलियाच्या छावणीत लिअर झोपेतून जागा होतो. त्याला वाटतं आपण मेलोय आणि जळत्या चाकाला बांधलेले आहोत, आणि समोर ही कोणीतरी देवलोकातली आहे. ती म्हणते मला आशीर्वाद द्या, तर तोच गुडघे टेकायला लागतो, राजा मुलीपुढे. मग हळूहळू, अगदी चाचपडत, मी एक मूर्ख म्हातारा आहे, ऐंशीच्या वर वय, एक तास जास्त नाही कमी नाही (बघा, मोजायची सवय अजून आहेच, पण आता आकडाही जुळत नाही), माझं डोकं नीट नसावं, हसू नका मला, पण मला वाटतं ही बाई माझी पोर कॉर्डेलिया आहे. ती फक्त म्हणते, हो, मीच, मीच आहे. तो तिच्या गालाला हात लावून बघतो अश्रू खरंच ओले आहेत का. आणि मग म्हणतो विष देणार असशील तर पितो, तुझ्या बहिणींनी माझा छळ केला, त्यांना काही कारण नव्हतं, तुला मात्र कारण आहे.

म्हणजे अजूनही खातेवही उघडीच आहे, फक्त ह्या वेळी त्याने स्वतःच्या नावावर देणं लिहिलंय आणि फेडायला तयार आहे. कॉर्डेलिया म्हणते, काही कारण नाही, काही कारण नाही. हे खरं नाहीये. कारण होतं, भरपूर होतं. पहिल्या सीनला बापासाठी एक शब्द वाढवून बोलायला जिने नकार दिला, तीच आता सरळ खोटं बोलतेय आणि वही बंद करून टाकतेय. तीही काहीतरी गमावूनच इथवर आली असणार, ते नाटक दाखवत नाही. लिअरला जे कळायचं होतं ते ह्या उत्तरात त्याला मिळतं, आणि ते त्याने सोसलेल्या हालांची कमाई म्हणून मिळत नाही, तसं असतं तर परत तोच हिशोब झाला असता, इतकं सोसलं म्हणून इतकी माफी. ती देते म्हणून मिळतं, बस.

इथे पडदा पडला असता तर सगळ्यांचं समाधान झालं असतं. पुढे लढाई हरतात, दोघं कैद होतात, आणि लिअर खूश असतो! चल तुरुंगात जाऊ, पिंजऱ्यातल्या पाखरांसारखी गाणी म्हणू, तू आशीर्वाद मागितलास की मी गुडघे टेकून माफी मागीन, गोष्टी सांगू, फुलपाखरांना हसू. खूप लोक हे वाचून गहिवरतात, मीही. पण कॉर्डेलियाने नुकतंच विचारलंय की बहिणींना भेटायचं नाही का, आणि तिचे डोळे भरलेत. तिला फ्रान्समध्ये नवरा आहे, ती एका फौजेची राणी आहे, तिला काय हवंय हे म्हातारा विचारत नाही. पहिल्या सीनला त्याला तिच्याकडे राहायचं होतं, आता तेच मिळालंय, तुरुंगात का होईना. एवढं सगळं कळूनही हे एक त्याला कळलेलं नाही असं मला वाटतं, आणि त्यामुळे तो मला जास्त खरा वाटतो.

मग एडमंड मरता मरता सांगतो की दोघांना मारायचा हुकूम मी दिलाय, पळा, थांबवा. गॉनरिलचा नवरा ऑल्बनी म्हणतो, देव तिचं रक्षण करो. आणि लगेच पुढच्या रंगसूचनेत लिअर आत येतो, कॉर्डेलिया हातांवर मेलेली. इतका क्रूर जोड कुठल्या नाटकात नसेल. तो आरसा मागतो, श्वासाने धूसर होतो का बघायला, पीस धरतो, हललं असं त्याला वाटतं. कुत्र्याला, घोड्याला, उंदराला जीव आहे आणि तुला श्वासही का नाही? तू आता येणार नाहीस, कधीच, कधीच, कधीच, कधीच, कधीच. पाच वेळा. मग कोणालातरी म्हणतो, हे बटण सोडता का जरा, आणि सोडल्यावर, थँक्यू. वादळात स्वतःच्या अंगावरचं सगळं ओरबाडून फेकणारा माणूस इथे एका बटणासाठी विनंती करतोय आणि आभार मानतोय.

हा शेवट शेक्सपिअरने स्वतःहून केलाय हे कळलं की आणखी धक्का बसतो. जुन्या कहाणीत, बाराव्या शतकापासून लिहिली गेलेली ती, लिअर लढाई जिंकून परत गादीवर बसतो. १६०५ साली ह्याच गोष्टीवरचं एक जुनं नाटक छापून आलं होतं, त्याचाही शेवट गोड. म्हणजे पहिले प्रेक्षक आता सगळं ठीक होणार म्हणून बसले असतील. लोकांना ते सहन झालं नाही हेही खरं, १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या लेखकाने नाटक दुरुस्त केलं, लिअर वाचतो, कॉर्डेलिया वाचते, वर तिचं एडगरशी लग्नही लावून दिलं, आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर जवळपास दीडशे वर्षं हेच चाललं, १८३८ मध्ये मॅक्रीडी ह्या नटाने मूळ नाटक बऱ्याच अंशी परत आणेपर्यंत. डॉक्टर जॉन्सनसारखा जाडजूड विद्वान लिहून गेलाय की कॉर्डेलियाच्या मरणाचा त्याला इतका धक्का बसला होता की संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत शेवटचे सीन परत वाचायची त्याची हिंमत झाली नाही. टेटला लोक हसतात, पण त्याचं म्हणणं साधं होतं, माणूस सुधारला ना, मग त्याला काहीतरी मिळालं पाहिजे. शेक्सपिअर म्हणतो नाही मिळत.

मरताना लिअरला काय दिसतं ह्यावर तर अजून भांडणं चालू आहेत, कारण नाटकाच्या दोन छापील प्रती आहेत आणि त्या जुळत नाहीत. १६०८ च्या प्रतीत तो नुसता विव्हळतो आणि म्हणतो फूट रे काळजा. १६२३ च्या प्रतीत तो म्हणतो, बघा, तिच्याकडे बघा, तिचे ओठ, तिकडे बघा, आणि मरतो. ब्रॅडली नावाच्या अभ्यासकाने १९०४ मध्ये मांडलं की त्याला ती जिवंत झाल्यासारखी वाटते आणि तो आनंदाने मरतो. तसं असेल तर ह्या माणसाचं शेवटचं कळणं हे चुकीचं कळणं आहे. मला ब्रॅडली पटतो, पण त्यात दिलासा मात्र दिसत नाही.

आपल्याकडे लिअर म्हटलं की 'नटसम्राट' आठवतं, १९७० चं कुसुमाग्रजांचं, आणि ते साहजिक आहे, प्रेरणा तिथूनच. पण अप्पा बेलवलकरांच्या घरात कॉर्डेलिया नाहीये. मुलगा आहे, मुलगी आहे, दोघांना दिलं आणि दोघांकडून निघावं लागलं. ज्याच्यावर आपणच अन्याय केला असं कोणी परत येऊन समोर उभं राहत नाही, त्यामुळे ते नाटक जास्त करून सोसलेल्या अपमानाचं होतं, आणि ते ग्रेटच आहे, पण लिअर बघताना तेच डोक्यात ठेवलं तर त्याची स्वतःची चूक अर्धी झाकली जाते आणि सगळा राग पोरींवर निघतो.

वाचायचं असेल तर विंदांचा 'राजा लिअर' आहेच. पूर्ण नाटक एकदम जड जात असेल तर मी सांगेन, चौथ्या अंकातली ती दोन म्हाताऱ्यांची भेट आणि त्यानंतरचा जागं होण्याचा सीन आधी वाचा, मग पहिल्या अंकावर या, म्हणजे दरबारात तो नकाशा मागवतो तेव्हा तुम्हाला त्याच्या पुढचं माहीत असेल आणि त्याला नसेल.